वादळाचा वेग छापता, तशी वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रात वादळ उठून किनाऱ्याकडे निघालं की तुमच्या पहिल्या पानावर ठळक आकडा येतो, ताशी अमुक किलोमीटर. शेजारी भोवऱ्यासारख्या ढगाचं चित्र. तो आकडा किती वाजताचा, हे मात्र बातमीत शोधूनही सापडत नाही. तक्रार एवढीच आहे, पण ती सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

माझी सगळी नोकरी नागपूरच्या तारघरात गेली. लग्नाच्या, मयताच्या, परीक्षेच्या निकालाच्या तारा सगळ्यांना आठवतात. हवामानाच्या तारा कुणाला आठवत नाहीत, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसायचं. नुसते पाच-पाच आकड्यांचे गट. मला त्यांचं वेड लागलं आणि अर्थ विचारून विचारून शिकलो. अगदी सुरुवातीच्या गटातले पहिले दोन आकडे तारखेचे, पुढचे दोन वेळेचे. पाचवा आकडा वाऱ्याबद्दल, पण वारा किती हे तो सांगत नाही. वारा यंत्रानं मोजला की अंदाजानं लिहिला, एवढंच सांगतो. तीन असला तर नॉटमध्ये (म्हणजे ताशी सागरी मैलांत), अंदाजानं. चार असला तर नॉटमध्येच, पण यंत्रानं. प्रत्यक्ष वेग त्यानंतर बराच पुढे येतो. वेळ ग्रीनिचची, म्हणून आपल्याकडे ही निरीक्षणं साडेपाच, साडेआठ, साडेअकरा अशा अर्ध्या तासांवर पडतात. आमचे एक सीनियर होते, पहिला गट खराब आला तर पुढची ओळ बघायचेच नाहीत. ‘पुन्हा मागव’ म्हणून कागद परत सरकवायचे. तेव्हा राग यायचा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. भंडारा जिल्ह्यात लाखनीकडे आमची थोडी धानाची शेती आहे, धाकटा भाऊ बघतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मोंथा’ वादळ आलं तेव्हा धान कापून झाला होता आणि कडपा, म्हणजे कापून आडवे टाकलेले पुंजके, बांधीतच (शेतातच) पडल्या होत्या. २८ तारखेच्या रात्री वादळानं आंध्रात नरसापूरजवळ किनारा ओलांडला. त्यानंतर एका वृत्तपत्रात (तुमच्या नव्हे) मथळा वाचला, वादळाचा जोर ओसरला. तेवढ्यात भावाचा फोन. “भाऊ, पाणी येते का नाही ते सांग. कडपा उचलू का राहू देऊ?” मी म्हटलं, राहू दे, वादळ गेलं. पहिला गट न बघता पुढची ओळ वाचली मी. त्या रात्रीच पाणी सुरू झालं. चार दिवसांनी गावी गेलो तर लोंब्यांना पांढरे कोंब फुटलेले, आणि कडपा उचलायला गेलं की खालून चिखलाचा आंबूस वास. भाऊ काही बोलला नाही. एक लोंबी उचलून माझ्या हातात दिली, बस.

मथळा खोटा नव्हता. किनारा ओलांडताना ताशी ९०-१०० किलोमीटरचा असलेला वारा जमिनीवर आल्यावर पडणारच होता. समुद्राची ऊब तुटली, खाली जमीन घासायला लागली, की वारा झपाट्यानं उतरतो. पण ढगातलं पाणी तेवढ्या घाईनं उतरत नाही, ते सोबत घेऊन वादळ आत येतं. आत म्हणजे आमच्याकडे. विदर्भात वादळाचा वारा क्वचितच पोचतो, पाणी पोचतं. २०२१ चं ‘गुलाब’ घ्या. २६ सप्टेंबरला कलिंगपट्टणमच्या बाजूनं आत शिरलं तेव्हा ते नुसतं ‘चक्रीवादळ’ होतं, ‘तीव्र’सुद्धा नव्हतं. किनाऱ्यावर दुबळं झालं, आणि तरी त्याचा उरलेला भाग विदर्भावरून मराठवाड्यात गेला. तिथे काय पूर आला ते तुम्हीच छापलंत. तेच पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नावानं पुन्हा उभं राहिलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळलं. त्याला आपण काही दिवस आधी ‘ओसरलं’ म्हणून मोकळे झालो होतो.

किनारा जवळ येईपर्यंत वादळ एकाच जोराचं राहत नाही. वर उलटे वारे असले तर ते कललं जातं, कोरडी हवा आत शिरली तर ढिलं पडतं, आणि खालचं पाणी खोलवर गरम असलं तर एका रात्रीत वेगळंच जनावर होतं. मेक्सिकोतल्या अकापुल्कोला २०२३ च्या ऑक्टोबरात तेच झालं. ‘ओटिस’ आदल्या दिवशी साधं वादळ होतं, चोवीस तासही झाले नसतील तोवर सर्वात वरच्या, पाचव्या श्रेणीत गेलं आणि त्याच जोरानं शहरावर आलं. तिथल्या माणसानं आदल्या सकाळचा आकडा वाचून खिडक्या लावल्या असतील तर त्या आकड्याचा त्याला काय उपयोग? आपल्याकडे २०१७ च्या ‘ओखी’त केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार असेच समुद्रात सापडले.

उलटंही होतं. २०२० चं ‘अम्फान’ १८ मे रोजी महाचक्रीवादळ होतं, म्हणजे ताशी २२२ च्या वर. २० तारखेला सुंदरबनाशी आलं तेव्हा १५५ ते १६५ वर उतरलेलं. मोठा दिलासाच वाटावा. पण दोन दिवस आधी ढकललेलं पाणी आकडा कमी झाला म्हणून मागे फिरत नाही. सुंदरबनातल्या शेतांत खारं पाणी शिरलंच.

शिवाय तुमचा तो आकडा बहुतेक वेळा कुणी मोजलेलाही नसतो. भर समुद्रात वादळाच्या पोटात यंत्र घेऊन कोण बसणार? अमेरिकेची विमानं वादळात शिरून यंत्रं सोडतात. आपल्याकडे उपग्रहाच्या चित्रात ढगाची वळणं आणि डोळा बघून, व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन माणसानं सत्तरच्या दशकात बसवलेल्या पद्धतीनं, एक ते आठपैकी अंक देतात आणि त्यावरून वेग काढतात. वादळ जवळ आलं की मछलीपट्टणम, विशाखापट्टणमची रडार मदतीला येतात. पद्धत चांगली आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या तारेत तिला ‘तीन’ लिहावा लागला असता, ‘चार’ नव्हे.

त्यात आणखी एक घोळ. आपला हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी देतो, अमेरिकन एका मिनिटाची, त्यामुळे त्यांचा आकडा बहुधा मोठा दिसतो. मोबाइलवर एक, टीव्हीवर दुसरा, तुमच्याकडे तिसरा. आणि झोत, म्हणजे क्षणभराच्या झटक्याचा जो वेग असतो तो कधी कधी सरळ मथळ्यात चढतो, कारण तो सगळ्यात मोठा असतो. ‘तीव्र’, ‘अतितीव्र’, ‘अत्यंत तीव्र’ यांत वरचं कोणतं, हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं. ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, असे उंबरठे आहेत. ते सोबत छापायला काय हरकत आहे?

तुमची अडचण मला कळते. शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या आसपास छपाईला जाते, म्हणजे फार तर रात्री साडेआठचं निरीक्षण पानावर येतं, आणि आम्ही ते सकाळी सात वाजता चहाबरोबर घेतो. या साडेदहा तासांचं तुम्ही काही करू शकत नाही. पण ‘काल रात्री साडेआठचा अंदाज’ एवढे चार शब्द तर टाकू शकता. त्याखाली, बारा तासांपूर्वी हाच आकडा किती होता. चढतंय की उतरतंय ते माणूस स्वतः बघेल. आणि त्याखाली विदर्भासाठी एक ओळ, पावसाची. हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र इथेच सोनेगावला आहे, विचारायला लांब जावं लागणार नाही.

चौकट कशी दिसेल ती पोस्टकार्डावर आखून सोबत पाठवतो आहे. एक कॉलम रुंद, दोन बोटं उंच. वरच्या कोपऱ्यात वेळेसाठी जागा सोडली आहे.

आपला,
एक निवृत्त तारबाबू, नागपूर