कार्मेन बसवताना

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. ‘कार्मेन’ हा ऑपेरा तुला बसवायला मिळाला हे ऐकल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. पंचवीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही.

संवाद गाळायचे ठरवतेयस म्हणालीस. थांब जरा. १८७५ साली पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा गाण्यांच्या मध्ये गद्य संवादच होते, आपल्या संगीत नाटकासारखे. त्यांच्या जागी गायचे तुकडे गिरो नावाच्या संगीतकारानं नंतर व्हिएन्नासाठी घातले. तोवर ऑपेराचा मूळ संगीतकार बिझे गेलाही होता, अवघ्या ३६व्या वर्षी. बोलणं संपून पद कधी सुरू झालं हे कळू नये, यातली गंमत तू लहानपणी विंगेत बसून अनुभवली आहेस.

आणि कार्मेनला नुसती नखरेल करू नकोस गं. सिगारेटच्या कारखान्यात राबणारी बाई आहे ती. दुसऱ्या अंकात ती तिच्यावर भाळलेल्या होझे या शिपायासाठी कॅस्टनेट (हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या) वाजवत नाचते आणि लांबून बिगूल ऐकू येतो. दोन्ही सुरावटी एकमेकींत अलगद बसतात. ती खूश होते, आभाळातून साथ मिळाली म्हणून! त्याला आठवते बराकीतली हजेरी. तो तिला थांबवतो. ही जागा मी कितीदा तरी मागे नेऊन ऐकली आहे. या दोघांचं जमायचं नाही हे तिथेच कळतं. बिगूल खरोखर लांबून येऊ दे, आणि नाच थांबल्यावर तिचे हात क्षणभर तसेच वर राहू देत.

शेवटी, आत बैलांच्या झुंजीचा जल्लोष चाललेला असतो. पत्त्यांत तिला मरण दिसलेलं असतं, मैत्रिणींनी बजावलेलं असतं, तरी ती पळत नाही. स्वतंत्र जन्मले, स्वतंत्रच मरेन म्हणते आणि होझेनं दिलेली अंगठी फेकते. होझेची दया आली तर येऊ दे, पण खून त्यानं केलाय हे झाकू नकोस. नकार दिला म्हणून मुलीला मारल्याच्या बातम्या इथे पेपरात वाचतो आणि घशाखाली घास उतरत नाही.

चाकू प्रत्येक प्रयोगाआधी स्वतः तपास. बोथट असला तरी, दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस.

तुझे,
बाबा