पाहुण्याला अर्धीच रॅम दे

प्रिय मित्रा,

तुझं वैतागलेलं पत्र मिळालं. लिनक्स टाकलंस, आवडलंही, आणि आता त्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपायी पुन्हा विंडोजवर जायला निघालास! थांब जरा.

वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून पाहिलंस, ते बरं केलंस. 1993 पासून लोक त्यावर खपतायत आणि बरंच काही चालतंही. पण लायसन्सचा यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअर उघडायला लावावी लागणारी पेनड्राइव्हसारखी किल्ली) आडवा आला की वाइन बहुधा हात टेकतं. तू सरळ व्हर्च्युअल मशीन कर. लिनक्समध्येच एका खिडकीत अख्खं विंडोज. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपण खऱ्याच कॉम्प्युटरवर आहोत. त्याची डिस्क म्हणजे तुझ्या फोल्डरमधली एक भलीमोठी फाइल. विंडोजचं लायसन्स मात्र लागेलच.

त्यासाठी मी हल्ली केव्हीएम वापरतो, ते 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. तुला व्हर्च्युअलबॉक्स सोपं जाईल. आधी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना बघ. इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम या नावाने सापडेल.

आता माझी फजिती ऐक. 8 जीबी रॅमपैकी 6 मी उदारपणे विंडोजला देऊन टाकली. पाच मिनिटांत लिनक्सचा जीव कासावीस. डिस्कचा दिवा विझेना, माउसचा बाण इंचभर सरकायला ताटकळत बसायचं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. पाहुणा जेवला, यजमान उपाशी! आता 4 देतो, आणि प्रोसेसरचे कोअरही निम्मेच. तूही तसंच कर.

डोंगलची गंमत वेगळी. लावलास तरी व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीत काहीच दिसणार नाही. मी केबलच बदलत बसलो होतो! दोष केबलचा नव्हताच. आपलं युजरनेम ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या ग्रुपमध्ये घालावं लागतं, मग लॉगआउट करून परत लॉगइन.

सगळं नीट चाललं की लगेच स्नॅपशॉट घे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेव. मागे एका अपडेटने माझं सॉफ्टवेअर उघडेनासं झालं, तेव्हा स्नॅपशॉटवर परत गेलो आणि चहा निवायच्या आत कामाला लागलो. पण स्नॅपशॉटला बॅकअप समजू नकोस हं, तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. हिशेबाच्या फाइली शेअर्ड फोल्डरमधून लिनक्सकडे आण आणि दुसरीकडे कॉपी ठेव.

व्हर्च्युअल मशीनमध्ये गेम खेळायचं म्हणशील तर नाद सोड, त्यात मजा नाही.

या रविवारी बसव. डोंगल दिसला नाही तर फोन कर, मी जागाच असेन.

तुझाच,
केबलवाला