नव्या शहराच्या नकाशात उघाडी कुठे आहे?

महोदय,

पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 124 गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे घाटते आहे. शहराला माझा विरोध नाही. मुलगा रोज पहाटे उठून मेमूने दिव्याला जातो. जवळ नोकरी मिळाली तर हवीच आहे.

पण आमचे शेत खारेपाटात, म्हणजे खाडीलगत बांध घालून राखलेल्या सखल जमिनीत. बांधाला एक उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारे झडपेचे दार आहे. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या दाबाने तिची झडप उघडते, भरतीला खाडीचे पाणीच ती लावून घेते. झडपेत काटकी अडकली तर वडील भर पावसात, रात्री कंदील घेऊन ती काढायला जायचे. उधाण आणि मुसळधार पाऊस एकदम आले की पाणी तासन्‌तास आतच थांबते. भाताला ते चालते, इमारतीच्या तळमजल्याला नाही.

मुरुमाचा भराव टाकला की झाले, असे म्हणणाऱ्यांनी ते पाणी कुठे जाणार हेही सांगावे. शेजारच्या गावात, दुसरे कुठे! नवी मुंबई वसवताना सिडकोने यासाठीच धारण तलाव, म्हणजे भरती ओसरेपर्यंत पावसाचे पाणी साठवणारे तलाव ठेवले. आज त्यांतल्या काहींत गाळ साचून खारफुटी वाढली आहे, आणि ती तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तेव्हा गाळ कोण काढणार, हे आधी ठरवा.

आणि पिण्याचे पाणी? हेटवणे धरण आमच्या तालुक्यात. पाणी नवी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमचे हंडे टँकरच्या रांगेत. नव्या शहराला नळ देण्याआधी ही रांग मोडा.

— एक शेतकरी, वाशी खारेपाट, ता. पेण