‘परदेशी’ म्हणजे आम्हीच ना?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या पाळत कायद्याच्या (कलम 702) 2024 मधल्या मुदतवाढीवरचा कालचा अग्रलेख वाचला. या कलमाखाली गोळा केलेल्या ईमेल-संदेशांच्या साठ्यात अमेरिकी नागरिकाची माहिती शोधायची तर आधी न्यायाधीशाची परवानगी, म्हणजे वॉरंट, घ्यावं अशी तिथे मागणी होती. ती वॉरंट सक्तीची दुरुस्ती तिथल्या प्रतिनिधीगृहात 212 विरुद्ध 212 अशा बरोबरीने पडली, याची आपल्याला हळहळ. एफबीआय या तिथल्या तपासयंत्रणेने त्या साठ्यात 2 लाख 78 हजार वेळा नियम मोडून शोध घेतले, हेही आलं. पण सगळी काळजी अमेरिकी नागरिकाचीच. अहो, कलम 702 खाली पाळत ठेवायची असते ती अमेरिकेबाहेरच्या परक्या माणसावर! पाळत कुणावर ठेवायची हे तिथले अधिकारी ठरवतात. न्यायालय एकेक नाव तपासत नाही, वर्षाकाठी फक्त कार्यपद्धतीला मंजुरी देतं. आणि आपले ईमेल, फोटो सगळे त्यांच्याच कंपन्यांकडे.

माझी मुलगी न्यू जर्सीत, आता तिथली नागरिक. ह्यांच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट मी तिला ईमेलने पाठवला होता. तो कुणी उघडला असेल असं मी म्हणत नाही. पण त्या एकाच ईमेलमधल्या तिच्या खाजगीपणासाठी तिथली संसद मध्यरात्रीपर्यंत भांडते आणि माझ्यासाठी इथलं वर्तमानपत्रही ब्र काढत नाही, याचा मला संताप येतो.

मागच्या वर्षी व्हिसाचा अर्ज भरून द्यायला भाचा आला होता. गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती सांगा, असा प्रश्न आला आणि हे एकदम गप्प झाले. उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून फोन घेऊन बसले आणि 2021 मध्ये अमेरिकी फौजा काबूलमधून निघाल्या तेव्हा रागाने लिहिलेलं सगळं एकेक करून पुसलं. मी म्हटलं, “अहो, तिथे मराठी कोण वाचतंय?” “नातीला बघायचंय ना?” एवढंच म्हणाले. वर प्रवासाला येणाऱ्या परदेशी माणसाची पडताळणी या 702 च्या साठ्यातून करण्याची सोय 2024 च्या त्या मुदतवाढीच्या कायद्यातच करून ठेवली. अग्रलेखात त्यावर एक ओळ नाही.

अतिरेक्यांवर पाळत ठेवू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. 26/11 ला हाच भाचा सीएसटीवरून तासभर आधी गाडीत बसला होता म्हणून वाचला. पण मुंबईची टेहळणी करून गेलेला हेडली अमेरिकी नागरिकच होता, हे विसरू नये.

युरोपच्या लोकांना अमेरिकी अध्यक्षांच्या 2022 च्या आदेशामुळे निदान दाद मागायला जागा मिळाली. भारतीयांना ती नाही. आपल्या सरकारने ती मागितली का, हे आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने विचारावं. आणि आपल्याकडे फोन ऐकायला गृहसचिवांची सही पुरते, न्यायाधीश लागतच नाही. तिथल्या वॉरंटवर अख्खा अग्रलेख लिहिलात, यावर कधी लिहिणार?

आपली रोजची वाचक,
मिरज