छकीच्या शाळेबद्दल, नाना-वहिनींना

लेस्टर, इंग्लंड
१६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. नाना आणि सौ. वहिनींस,
बेबीचा शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, की कापूस फुटलाय, मजूर मिळत नाहीत, म्हणून दिवाळीची सुट्टी संपली तरी छकी शाळेत गेलीच नाही. घरी धाकट्याला सांभाळते. तेव्हा मी काही बोलले नाही. छकी शेजारीच होती, आणि अशी गोष्ट घाईत बोलून टाकायची नसते. म्हणून लिहायला बसले. दोघांनी मिळून वाचा आणि मायलाही ऐकवा.

वेचणीची ओढाताण मला माहीत आहे. बोंड फुटून तसंच राहिलं आणि वरून पाणी आलं तर कापूस पिवळा पडतो, मग व्यापारी भाव पाडायला मोकळा. बाया किलोवर जातात, जिथं चार पैसे जास्त मिळतात तिकडे वळतात. वहिनींना स्वतः वावरात उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन वर्षांचं पोर काट्याकुट्यात, फवारलेल्या पिकात न्यायचं नाही, हेही बरोबर. राहता राहिली कोण, तर छकी. नऊ वर्षांची असली म्हणून काय झालं, समजूतदार आहे, सांगेल ते ऐकते. समजूतदार पोरीच्याच वाट्याला हे येतं, नाना. उनाड पोराच्या हाती धाकट्याला कुणी देत नाही, म्हणून तो बिचारा शाळेत तरी जातो.

दिवाळीत तिने मला व्हिडिओवर धडा वाचून दाखवला होता. सुरुवात झकास केली. पण जोडाक्षर आलं की थांबायची, वर माझ्याकडे बघायची, गालात हसायची आणि पुढचं वाक्य चित्र बघून मनानेच म्हणायची. 'ष्ट' आला, 'ज्ञ' आला, तसंच केलं. पोरगी हुशार आहे म्हणून तिला ते झाकता येतं. पण चौथीत हे झाकलं गेलं तर पाचवीत कोण उघडून बघणार? गुरुजी वर्ग घेऊन पुढे जातात. आठ दिवसांनी परत आलेलं पोर मागच्या बाकावर गप्प बसतं आणि आपल्याला काही येत नाही असं मनात धरून चालतं. मग एक दिवस ते स्वतःच म्हणतं, मला नाही जायचं शाळेत. तोवर आपणही म्हणायला लागलेलो असतो, की तिला अभ्यासाची गोडीच नाही.

इथे हजेरीचा हिशोब फार बारीक ठेवतात. वर्षाला शाळेचे १९० दिवस, आणि दिवसातून दोनदा हजेरी, सकाळी एक आणि जेवणानंतर एक. म्हणजे ३८० हजेऱ्या. त्यातल्या दहा टक्के चुकल्या की पोर 'सतत गैरहजर' या यादीत जातं. दहा टक्के म्हणजे १९ दिवस. ऐकायला फार वाटतात, पण तुम्ही छकीचे मोजा. वेचणीचे गेले, लग्नसराईत जातात, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मामाकडे जाणं होतं, यात्रेचे दोन-चार, तापाचे चार. आपल्याकडे पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाचे २०० दिवस शाळा भरायला हवी, आणि त्यातले १९ दिवस कापसातच संपून जातात.

इथली पोरं गुणाची आणि आपली नाहीत, असं अजिबात नाही. कोरोनाआधी, २०१८-१९ साली, इंग्लंडमध्ये साधारण दहातलं एक पोर या यादीत होतं. २०२२-२३ मध्ये पाचातलं एक झालं. घरी बसायची सवय लागली की मोडायला किती जड जातं, ते सगळ्या देशाने पाहिलं.

माय दर वेळी विचारते ना, आखाजीला का येत नाहीस, त्याचंही उत्तर यातच आहे. पुढच्या वर्षी आखाजी ईस्टरच्या सुट्टीनंतर येते. शाळा चालू असताना सलग पाच दिवस पोरांना बाहेर नेलं तर दंड बसतो, तोही दर पोरामागे आईला वेगळा आणि बापाला वेगळा, ८० पौंड. एकवीस दिवसांत भरला नाही तर १६०. आमची दोन पोरं, आम्ही दोघं, म्हणजे ३२० पौंड, आपले सदतीस हजारांच्या आसपास. तीन वर्षांत तिसऱ्यांदा तेच केलं तर दंडाची पावती नाही, थेट कोर्ट. दिवाळीला मात्र एक दिवसाची धार्मिक सुट्टी मागता येते आणि ती हजेरीत वेगळ्या अक्षराने लिहितात. झोका, गौराईची गाणी, सासरहून आलेल्या सगळ्या जणी, हे माझ्या पोरींना कधी दाखवू, याचा मलाही घोर आहे. मायला सांगा, बेबीचा जीव तिकडेच असतो.

पण दंडामुळे पोरं शाळेत येतात हे मला पटलेलं नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ते दंड भरून खुशाल फिरायला जातात, कारण सुट्टीत विमानाची तिकिटं त्याहून महाग असतात. भरडला जातो तो हातावर पोट असलेला. आपल्या शिक्षणहक्क कायद्यात, २००९ च्या, पोराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य म्हटलंय, पण त्यांना दंड लावलेला नाही. ते योग्यच आहे. गावात कुणी म्हणालंच, की दंड लावा म्हणजे सुधारतील, तर त्याला साथ देऊ नका.

इथली घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. पोर आलं नाही आणि घरून निरोप नाही, तर त्याच सकाळी शाळेतून फोन येतो. आठ दिवसांनी नाही, महिनाअखेरीलाही नाही. गेट साधारण पावणेनऊला उघडतं, दहा मिनिटांत बंद होतं, मग ऑफिसातून जावं लागतं, तिथे उशीर लिहितात. आणि थोड्या वेळाने ज्या घरचं पोर नाही त्या घरी फोन: बरं आहे ना, काही मदत हवी का? पहिल्या वर्षी धाकटी तापली होती आणि मी कळवायची राहिले, तेव्हा असा फोन आला. मला धाक नाही वाटला, उलट बरं वाटलं. परक्या मुलखात आपलं पोर दिसलं नाही म्हणून कुणीतरी चौकशी करतंय.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गेटवरच्या बाया. शाळेचं गेट हा इथला गावचा पार आहे. माझी ओळखपाळख सगळी तिथे झाली, ऑफिसात नाही आणि देवळातही नाही. एक सोमाली बाई आहे, तीन पोरांची आई. गेल्या हिवाळ्यात हे रात्रपाळीवरून आले नव्हते, धाकटी तापाने फणफणलेली, बाहेर अंधारून आलेलं आणि पाऊस. मोठीला आज ठेवावं घरी, असं माझ्या मनात आलंच होतं. तेवढ्यात दारावर थाप. हीच उभी, छत्री काखेत, स्वतःची तिन्ही पोरं मागे. फार इंग्रजी तिलाही येत नाही, मलाही तेव्हा सफाईने येत नव्हतं. तिने नुसता हात पुढे केला, दप्तर मागितलं. मोठीने बूट घातले आणि गेली. आता बुधवारी ती कामावर असते तेव्हा तिची पोरं माझ्याबरोबर जातात. एक गुजराती बा, म्हणजे आजी, नातवाला सोडायला येतात, त्या परत जाताना लहानग्यांच्या आयांशी बोलत थांबतात, कुणाला डॉक्टरकडे जायचं असेल तर तासभर पोर ठेवून घेतात. लहान झालेले गणवेश धुऊन-इस्त्री करून शाळेत आणून ठेवतात, ज्याला लागेल तो नेतो, कुणी विचारत नाही कुणी नेला. काही आयाबाप वर्गात येऊन पोरांचं वाचन ऐकतात, एकेकाला जवळ बसवून. हजेरी अशी टिकते. हजेरीपट नंतर येतो.

आणि वहिनी, हे आपल्याकडे नाही असं थोडंच आहे. निंदणीला तुम्ही सगळ्या आज हिच्या वावरात, उद्या तिच्या वावरात जाताच की. कानबाईच्या रोटाला अख्खी भाऊबंदकी एका घरी जमते. लग्न असलं की पोळ्या लाटायला बायांना बोलवावं लागत नाही. मग वेचणीच्या दिवसांत गल्लीतली लहान पोरं एका ओट्यावर का नाही सांभाळता येणार? गल्लीत निदान पाच-सहा घरांत हीच अडचण असेल, आणि प्रत्येक घरातली एकेक छकी घरी बसली असेल. आत्याबाई आता वावरात जात नाहीत, त्यांचे डोळे आणि हात अजून चांगले आहेत. त्यांना विचारा. सोबतीला पाळीपाळीने एक जण राहील, तिची त्या दिवसाची मजुरी बाकीच्यांनी मिळून द्यायची. आत्याबाईंच्या मजुरीचे पैसे या हंगामात मी पाठवते. नाना, नाही म्हणू नका. हे उपकार नाहीत, छकी माझीही आहे.

नाना, तुमच्यासाठी वेगळं सांगायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तुमचं नाव आहे असं मागे म्हणाला होतात. सहीपुरतं राहू नका. त्या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, निम्म्या बाया असाव्या लागतात, आणि पोरं नियमित येतात की नाही ते बघणं हे समितीचंच काम आहे. बैठक दुपारी ठेवली तर वेचणीच्या दिवसांत बाया येणारच नाहीत. संध्याकाळी, जेवणं आटोपल्यावर ठेवा, मारुतीच्या देवळात. गुरुजींना एकट्याला गावभर फिरणं जमत नाही, त्यांच्यामागे कागदांचं काम किती लागलंय ते तुम्हीच सांगता. गल्लीवार दोन-दोन बाया ठरवा. परिपाठाला कोण दिसलं नाही ते शाळेतून कळलं, की त्याच दिवशी त्या घरी डोकावायचं. रागवायचं नाही, अडचण विचारायची. यात्रेला पोरं येणारच नसतील तर मुख्याध्यापकांच्या हातातली सुट्टी त्या दिवशी घ्यायला लावा, म्हणजे उगाच दिवस बुडणार नाही.

पाड्यावरच्या पोरांचंही बघा. दिवाळीनंतर तिथली कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत निघतात, पोरांसकट, आणि होळीच्या तोंडावर भोंगऱ्या बाजाराला परततात तोवर वर्ष निघून गेलेलं असतं. जी पोरं आजी-आजोबांजवळ राहू शकतात त्यांच्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची सोय आहे. जी जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून कामाच्या गावी शाळेत बसता येतं. पण गाडी भरायच्या आधी कुणीतरी ते करून दिलं पाहिजे. त्यांची पावरा बोली बोलणारा कुणी समितीत घेतला तर आयाबापांशी नीट बोलणं होईल. आपल्या छकीपुरतं बघून आपलं काम संपत नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला आठवत असेल, मी प्राथमिक शाळेत असताना खिचडी नव्हती, महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, आणि तेही ८० टक्के हजेरी असली तरच. माय पिशवी धुऊन वाळवून तयार ठेवायची. ज्या महिन्यात माझे दिवस कमी भरले त्या महिन्यात आबांनी तिला विचारलं, पोरगी घरी का ठेवली होती? मायने सांगितलं, भुईमूग काढायचा होता. आबा म्हणाले, पुढच्या वेळी भुईमूग चार दिवस उशिरा काढू. शेतकरी माणूस असं म्हणतो, नाना. तांदळासाठी नाही म्हणाले ते. त्या साली नुकसान झालं की नाही ते मला कळलं नाही, पण पुन्हा मला कुणी घरी ठेवलं नाही. आज मी इथे स्वतःच्या हाताने हे पत्र लिहितेय ते त्यामुळेच.

आता बाकीचं. मायच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर चोपड्याहून आणून द्या, शेक चालू ठेवा. बिबड्या पाठवल्यात त्या मिळाल्या, पोरींनी कच्च्याच निम्म्या संपवल्या. यांची रात्रपाळी डिसेंबरात बदलते आहे. केळीच्या बागेचं काय झालं ते कळवा, पील बाग, जुन्या खोडाच्या पिलांवरची, ठेवायची की काढायची ठरलं का?

येत्या शुक्रवारी आमची शाळा सुटल्यावर फोन करते, तिकडे साडेनऊ वाजलेले असतील. छकीला तेवढं जागं ठेवा आणि पुस्तक जवळ असू द्या. ती वाचेल, मोठीही तिच्याबरोबर मराठी वाचायला बसणार आहे. जोडाक्षरं दोघींनाही शिकायची आहेत. आत्याबाईंशी बोलणं झालं का तेही तेव्हाच सांगा, म्हणजे मी शनिवारी पैसे टाकते.

मायला आणि आबांना साष्टांग नमस्कार, धाकट्याला पापा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
बेबी