आईचं पत्र: नोंद नीट ठेव

चि. मुक्ता हिस,

अनेक आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मैत्रिणीच्या आजोबांच्या भिंतीवर हरणाचं डोकं बघून तुला जेवण गेलं नाही म्हणालीस. साहजिक आहे. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार गुन्हा ठरली, ते योग्यच झालं. पण त्या आजोबांवर रागावू नकोस. अमेरिकेतल्या त्या विस्कॉन्सिन राज्यात लोक नोव्हेंबरात परवाना काढून शिकारीला जातात आणि ते मांस घरात खातात.

त्यांनी तुला सांगितलेली जेम्स जॉर्डनची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी शोधून वाचली. 1914 साली तिथल्याच डॅनबरी गावाजवळ या तरुणानं पांढऱ्या शेपटीचं हरीण मारलं. डोकं पेंढा भरायला एका कारागिराकडे दिलं. कारागीर गाव सोडून गेला आणि डोकंही गेलं. पन्नासेक वर्षांनी जॉर्डनच्याच एका नातेवाइकानं मिनेसोटातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत ती शिंगं तीन डॉलरला घेतली. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीनं मापं घेतली: शिंगं साठ दिवस वाळवायची, लांबी, जाडी, पसारा इंचांत मोजायचा, डाव्या-उजव्यातला फरक वजा करायचा. गुण भरले 206 पूर्णांक 1/8. जागतिक विक्रम! जॉर्डननं शिंगं ओळखली, पण शिकारी म्हणून त्याचं नाव लागलं 1978 मध्ये, तो वारल्यानंतर. पुढे 1993 साली कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मायलो हॅन्सनच्या हरणानं 213 पूर्णांक 5/8 गुणांनी तो विक्रम मोडला.

मेलेल्या हरणाचं मला वाईट वाटतंच. पण चौसष्ट वर्षं स्वतःच्या नावाची वाट बघणाऱ्या माणसाचं त्याहून जास्त वाटलं.

तुझ्या बास्केटबॉलमध्येही हेच झालंय. लिनेट वुडार्डनं कॅन्सस विद्यापीठाकडून 1981 पर्यंत 3,649 गुण केले. तेव्हा लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा नव्हती, चेंडूही पुरुषांचाच, मोठा होता. पण मुलींच्या स्पर्धा त्या काळी वेगळी संघटना भरवायची, म्हणून एनसीएए या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या विक्रमांत ते गुण धरलेच नाहीत. 2024 मध्ये आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क त्या आकड्याच्या पुढे गेली, तेव्हा कुठे वुडार्डचं नाव लोकांच्या तोंडी आलं. क्लार्क मोठी खेळाडू आहे, तिचे 3,951 गुण कुणी कमी लेखू नयेत. पण वुडार्डची चाळीस वर्षं कुठे गेली, सांग.

मला हे का लागतं, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी 800 मीटरला पहिली आले. वेळ आजवरची सगळ्यांत चांगली, असं पंच स्वतः म्हणाले. आठवड्यानं दाखला मागायला गेले तर निकालाचा कागदच सापडेना. मुलींच्या शर्यतींचे कागद वेगळ्या फायलीत होते म्हणे. आप्पा दोनदा जाऊन आले. मग परीक्षा, मग लग्न.

आता तू कॉलेजच्या सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलावर बसतेस. रिबाउंड कुणाचा, असिस्ट कुणाचा, घाईत टाकू नकोस. शंका आली तर थांबवून विचार. समोरच्या संघातल्या राखीव मुलीचंही नाव बरोबर लिही.

आणि माझं एक काम कर. 2 मिनिटं 19.4 सेकंद. तुझ्या वहीत लिहून ठेव.

तुझी,
आई