शेवट माहीत असला म्हणून काय झालं

सोलापूर,
६ जानेवारी

प्रिय मित्रा,

‘हेलो: रीच’ या गेमबद्दलचा तुझा मेसेज वाचला. ‘जॉर्ज गेला तिथंच रीच बंद केला. ग्रह पडणार, टीम मरणार हे आधीच ठरलंय, तर मी कशाला गोळ्या झाडत बसू?’ याला दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे पत्र. रागावून लिहीत नाही बे. तू ज्या जागी थांबलायस तिथूनच खरा खेळ सुरू होतो, आणि तो तुझ्या हातून सुटू नये असं मला फार वाटतं.

नवी पेठेतल्या कॅफेत आपण पहिला ‘हेलो’ खेळायचो ते आठव. ‘पिलर ऑफ ऑटम’ जहाज कुठून तरी जीव वाचवून आलेलं असायचं आणि समोर अवकाशात ते प्रचंड कडं. शत्रू रीच या ग्रहापासून मागावर आहे, एवढं बोलण्यात यायचं, आणि आपण बंदुका उचलून पुढं पळायचो. २००१ च्या खेळात एका वाक्यात उरकलेल्या त्या रीचवर बंजी या गेम बनवणाऱ्या कंपनीनं २०१० मध्ये अख्खा ‘हेलो: रीच’ उभा केला. तेव्हा तो फक्त एक्सबॉक्स ३६० वर होता आणि आपल्या ओळखीत ते यंत्र कुणाकडंच नव्हतं. पीसीवर यायला डिसेंबर २०१९ उजाडला. बंजीनं केलेला हा शेवटचा हेलो. त्यानंतर मालिका ३४३ इंडस्ट्रीज या दुसऱ्या स्टुडिओकडं गेली. निघून जाणाऱ्या माणसांनी जाता जाता निरोपाचीच गोष्ट सांगितली, असं मला खेळताना सारखं वाटत राहतं. मार्टिन ओ’डॉनेल आणि मायकेल साल्व्हाटोरी यांचं संगीतसुद्धा तसंच आहे. जुन्या हेलोत विजयाची चढती लय होती, इथं ढोल वाजतात तेही जड मनानं.

आता जॉर्जबद्दल, खेळातल्या आपल्या नोबल टीममधल्या त्या सैनिकाबद्दल. तो तुला एवढा का लागला, हे मला कळतं. पहिल्याच मोहिमेत ती भेदरलेली मुलगी, सारा, सापडते. चिलखतातला तो धिप्पाड गडी तिच्याशी एकदम हंगेरियनमध्ये बोलायला लागतो. तो मूळचा रीचचाच, तिथल्या लोकांची बोली त्याला येते. ते बघताना मला सोलापुरातला तुमचा पूर्वभाग आठवला. गल्लीत गाडी घेऊन आलेला फौजदार तुझ्या आजीशी तेलुगूत बोलला की तिच्या चेहऱ्यावरची भीती जशी उतरायची, अगदी तसं. बाकीचे बहुतेक नोबल टीमवाले रीचवर नेमणुकीला आलेत, जॉर्ज स्वतःच्या गावासाठी लढतोय.

आणि त्याचं मरण बघ. बॉम्बचा टायमर बिघडतो, तो हातानंच उडवावा लागणार असतो. तो सिक्सला, म्हणजे तुला, जहाजाबाहेर ढकलून देतो आणि स्वतः मागं राहतो. शत्रूचं महाकाय जहाज मधूनच नाहीसं होतं. आणि तेवढ्यात अवकाशात एकामागून एक नवी जहाजं उगवतात. आपण ग्रह वाचवला, या समजुतीत तो गेला. ती समजूत खोटी होती हे फक्त आपल्याला कळतं. लिहिणाऱ्यांनी त्याला ते कळू दिलं नाही, ही मला त्यांची माया वाटते.

तू म्हणशील, मग पुढं काय उरलं? शाळेत बाजीप्रभूंचा पोवाडा लागला की तू पुढं सरकून बसायचास. १६६० साली घोडखिंडीत काय झालं हे वर्गात सगळ्यांना पाठ होतं. तरी विशाळगडावरच्या तोफा वाजेपर्यंत तू श्वास धरून बसायचास, कारण बाजी जगतात का, हा तिथं प्रश्नच नव्हता. राजे गडावर पोचेपर्यंत खिंड टिकते का, हा होता. रीचचं अगदी हेच आहे. ग्रह जाणार, ते मान्य. पण कॉर्टाना या कृत्रिम बुद्धिमत्तेचा तुकडा ‘पिलर ऑफ ऑटम’च्या कॅप्टन कीजच्या हाती पोचवून ते जहाज निघालं पाहिजे. ते निघालं नाही, तर कॅफेतला आपला पहिला हेलो सुरूच होत नाही. फरक एवढाच की बाजींनी ऐकलेल्या तोफा खऱ्या होत्या, जॉर्जच्या नव्हत्या. त्याच्या खोट्या तोफा खऱ्या करायचं काम सिक्सवर येतं. म्हणून म्हणतो, तू त्याला अर्ध्यावर सोडून आलायस.

पुढचं सांगून टाकतो. सांगितल्यानं काही उणं होत नाही. टीममधली कॅट जाते ती बोलता बोलता, एका सुईसारख्या गोळीनं. ना पराक्रम, ना शेवटचं भाषण. मला ते सगळ्यांत जास्त लागलं, कारण लढाईत बहुतेक मरणं अशीच असणार. टीमचा म्होरक्या कार्टर जखमी अवस्थेत आपलं विमान स्कॅरॅबवर, म्हणजे शत्रूच्या चालत्या अजस्र यंत्रावर, घालतो. एमिल तोफेपाशी पडतो, पण पाडणाऱ्याला सोबत घेऊन. मग ती तोफ तू चालवायची, आणि जहाज निघालं की तू मागंच राहायचं.

त्यानंतरची मोहीम दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिली नाही. काम एकच दिलंय, जिवंत राहा, आणि ते होणारच नाही. मारा बसेल तशा हेल्मेटच्या काचेवर चिरा पडत जातात. इतक्या वर्षांत इतके शूटर खेळलो, हरणं म्हणजे मागच्या चेकपॉइंटवर परत जाणं एवढंच माहीत होतं. इथं परत जाणं नाही. तरी मी शेवटची गोळी संपेपर्यंत लढलो, आणि जहाज सुटलंय या समाधानात लढलो. हे समाधान तुलाही मिळावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

तेव्हा ऐक. संक्रांतीला गड्डा यात्रेला येणारच आहेस, लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन ये. नंदीध्वजांची मिरवणूक बघून झाली की रात्री माझ्या घरी बसू. को-ऑप लावू, म्हणजे दोघं मिळून खेळू, जॉर्जनंतरच्या ‘एक्सोडस’ मोहिमेपासून, हिरोइक या अवघड पातळीवर. त्याहून अवघड लिजेंडरीचा हट्ट धरू नकोस, पुढच्या न्यू अलेक्झांड्रिया मोहिमेतच सकाळ होईल. आईनं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून ठेवायचं कबूल केलंय. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
जुना को-ऑपवाला